केस का पिकतात, आणि ताटातले काय त्यांच्यापर्यंत पोहोचते

सभागृहात येताना दारापाशी एका बाईंनी मला थांबवले. त्यांच्या मुलीला एकविसाव्या वर्षीच कानशिलांजवळ पांढरे केस दिसू लागले आहेत. आवळा झाला, कढीपत्ता झाला, रात्रभर तांब्याच्या भांड्यात ठेवलेले पाणी झाले. आता तिला आणखी काय खायला देऊ, असे त्या विचारत होत्या. आज मला जे बोलायचे आहे ते सगळे या एका प्रश्नाच्या उत्तरात येते.

आपल्या भाषेत केस ‘पिकतात’. शब्द सुंदर आहे, पण त्यातून एक गैरसमज होतो. आंबा पिकतो तेव्हा तोच आंबा हिरव्याचा पिवळा होतो. केसाचे तसे नसते. डोक्यावर दिसणारा केस हा केराटिन नावाच्या प्रथिनाचा निर्जीव धागा आहे आणि तो ज्या रंगाचा बाहेर पडला, जवळजवळ त्याच रंगाचा गळेपर्यंत राहतो. पांढरा केस हा पांढराच उगवलेला असतो. केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो, म्हणजे ३० सेंटिमीटर लांबीच्या केसाचे टोक अडीच वर्षांपूर्वी तयार झालेले असते, आणि आज जेवलेल्या अन्नातला एकही कण त्या टोकापर्यंत जाऊ शकत नाही. अन्नाचा संबंध येतो तो फक्त कातडीखाली, केस घडत असतो तिथे.

तिथे, म्हणजे केशकूपाच्या तळाशी, रंग तयार करणाऱ्या पेशी बसलेल्या असतात. टायरोसिन नावाच्या अमिनो आम्लापासून त्या मेलॅनिन हे रंगद्रव्य बनवतात आणि वर सरकणाऱ्या केसाच्या पेशींमध्ये ते भरतात. या कामासाठी लागणाऱ्या विकराला (एन्झाइमला) तांब्याची गरज असते. या पेशींना आपण रंगारी म्हणू. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षे वाढतो, मग थांबतो, सुमारे तीन महिने विसावतो, गळतो आणि त्याच जागी नवा केस येतो. जुन्या केसाबरोबर त्याचे रंगारीही संपतात. नव्या केसासाठी नवे रंगारी येतात ते केशकूपाच्या वरच्या भागात राखून ठेवलेल्या मूलपेशींमधून. ऊस लावणारा शेतकरी पुढच्या लावणीसाठी बेणे राखून ठेवतो, त्यातलाच हा प्रकार. हे बेणे संपले की केस उगवत राहतो, पण रंगाविना. २००५ साली एमी निशिमुरा, डेव्हिड फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमके हेच दाखवून दिले. वयाबरोबर या मूलपेशींचा साठा आटत जातो, आणि उंदरांच्या अंगावरील केसांत जे दिसले त्याची खूण माणसाच्या केशकूपांतही सापडली. २०२३ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातील मायुमी इतो यांच्या गटाने त्यात एक महत्त्वाची भर घातली. उंदरांमध्ये काही मूलपेशी संपलेल्या नसतात, तर जागेवर अडकून पडलेल्या असतात. जिथे त्यांना रंगारी होण्याचा संदेश मिळायचा तिथपर्यंत त्या पोहोचतच नाहीत. मला हा शोध फार आशादायक वाटतो, कारण संपलेले परत आणणे अवघड असले तरी अडकलेले सोडवण्याची कल्पना तरी करता येते.

हा साठा कधी आटायला लागणार हे मुख्यतः आईवडिलांकडून आलेल्या जनुकांवर ठरते. भारतीयांमध्ये वयाच्या पंचविशीआधी केस पांढरे होऊ लागले तर ते अकाली मानतात, आणि अशा मुलामुलींच्या घरी चौकशी केली तर वडील, आत्या किंवा मामा यांच्यापैकी कोणाचे तरी केस तरुणपणीच पांढरे झाल्याचे पुष्कळदा कळते.

चिंतेने केस पिकतात, हा समज जुना आहे. सुश्रुताने पलित, म्हणजे केस पिकणे, हे क्षुद्ररोगांत, म्हणजे किरकोळ रोगांत, गणले आणि क्रोध, शोक व श्रम ही त्याची कारणे सांगितली. २०२० मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांना उंदरांमध्ये यामागची एक यंत्रणा सापडली. तीव्र ताणात केशकूपापर्यंत गेलेल्या मज्जातंतूंतून नॉरॲड्रेनॅलिन हे ताणाचा संदेश नेणारे रसायन सुटते, त्याने सगळ्या मूलपेशी एकदमच रंगारी होऊन निघून जातात आणि राखून ठेवलेले बेणे काही दिवसांत संपते. पुढच्याच वर्षी कोलंबिया विद्यापीठातील मार्टिन पिकार्ड यांच्या गटाने १४ माणसांचे केस टोकापासून मुळापर्यंत बारकाईने तपासले, तेव्हा काही केस टोकाशी पांढरे आणि मुळाशी पुन्हा काळे झालेले आढळले. एका व्यक्तीचे असे पाच केस तिच्या सुट्टीच्या काळाशी जुळत होते. म्हणून सगळ्यांनी सुट्टी घ्यावी असा याचा अर्थ नाही. असे केस मोजकेच होते. तरीही केस पिकण्याच्या उंबरठ्यावर असेल तर मागे फिरू शकतो, हे माणसांत दिसले.

आता आहाराकडे येऊ. आहाराचा केसाच्या रंगावर परिणाम होतो याचा सर्वांत ठळक पुरावा कुपोषित मुलांच्या डोक्यावर दिसतो. क्वाशिओरकोर या प्रथिनांच्या गंभीर कुपोषणात मुलाचे केस तांबूस, फिके होतात. खायला नीट मिळू लागले की पुढचा केस गडद येतो, पुन्हा उपासमार झाली की पुन्हा फिका. अशा मुलाच्या एकाच केसावर गडद आणि फिकट पट्टे दिसतात आणि डॉक्टर त्याला ध्वजचिन्ह म्हणतात. त्या बालकाने कोणत्या महिन्यांत उपासमार सोसली, ते त्याच्या केसावर लिहिलेले असते. मात्र इथे रंगारी जिवंत आहेत, त्यांना माल मिळत नाही एवढेच. वयाने पिकलेल्या केसात रंगारीच उरलेले नसतात, आणि मग कितीही माल पुरवला तरी उपयोग होत नाही. आहाराविषयीचा सगळा गोंधळ या दोन अवस्था एकच समजल्यामुळे झालेला आहे.

१९४० च्या सुमारास हाच गोंधळ विज्ञानातही झाला होता. पँटोथेनिक आम्ल हे जीवनसत्त्व न मिळालेल्या काळ्या उंदरांचे केस करडे झाले आणि ते दिल्यावर पुन्हा काळे झाले. लगेच माणसांसाठी गोळ्या निघाल्या. माणसांचे केस काही काळे झाले नाहीत, कारण त्यांना त्या जीवनसत्त्वाची उणीव मुळात नव्हतीच.

आपल्याकडे जी उणीव खरोखर आढळते आणि केसांपर्यंत पोहोचते, ती म्हणजे बी-१२ या जीवनसत्त्वाची. प्रौढ माणसाला दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम बी-१२ लागते. मांस, मासे, अंडी, दूध आणि दही यांतून ते मिळते. डाळी, भाज्या आणि फळे यांत ते नसते. शाकाहारी माणसाला एक पेला दुधातून सुमारे एक मायक्रोग्रॅम मिळते, पण दिवसभराच्या चहातून पोटात जाणाऱ्या चार-सहा चमचे दुधाने गरज भागत नाही. ज्यांच्या आतड्यांत ते शोषले जात नाही, जे मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेतात, त्यांनाही उणीव होते. तिची एक विलक्षण खूण आहे: केस फिके होत असतानाच बोटांच्या सांध्यांवरची कातडी काळवंडते. पायांना मुंग्या येणे, जीभ लाल आणि गुळगुळीत होणे, थकवा, ही लक्षणे सोबत असतील तर केसांची गोष्ट बाजूला ठेवून आधी रक्त तपासावे, कारण मज्जातंतूंना झालेली इजा दीर्घकाळ तशीच राहिली तर ती भरून येत नाही. उणीव भरून काढल्यावर केसांचा रंग परत आल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत.

लोह आणि थायरॉइड यांची तपासणीही अकाली पिकणाऱ्या केसांत करतात. तांब्याची उणीव मात्र नेहमीच्या जेवणात क्वचितच होते. धान्ये, तीळ, काजू यांतून ते सहज मिळते, तेव्हा तांब्याच्या भांड्यातल्या पाण्याकडून केसांसाठी काही अपेक्षा ठेवू नये. आवळ्यातल्या क जीवनसत्त्वाने जेवणातले लोह चांगले शोषले जाते, म्हणून तो जरूर खावा. माक्याचे तेल केसाला मऊपणा देते. मुळाशी नवा रंगारी ते आणत नाही. मीठ फार खाल्ल्याने केस लवकर पिकतात, असे चरकसंहितेत सांगितले आहे आणि आपल्या आज्याही तेच सांगत; मीठ कमी करण्याचे सिद्ध झालेले कारण रक्तदाब हे आहे आणि तेवढे पुरेसे आहे. धूम्रपानाचा अकाली पिकण्याशी संबंध मात्र अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसला आहे.

दारापाशी भेटलेल्या बाईंना माझे सांगणे असे आहे. मुलीच्या ताटात आणखी काही वाढण्याआधी तिचे बी-१२, हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून घ्या. सगळे ठीक निघाले आणि वडिलांचेही केस विशीतच पिकले असतील, तर तो घराण्याचा वारसा आहे. तिला रोज काहीतरी खायला लावून तिच्या मनात अपराधीपणा निर्माण करू नका. कलप लावायचा असेल तर आधी कानामागे थोडा लावून दोन दिवस पाहा, कारण काळ्या कलपातील पीपीडी या रसायनाची अनेकांना ॲलर्जी असते, आणि ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणाऱ्या पुड्यांतही ते असू शकते. उणीव निघाली आणि उपचार सुरू केले, तर निदान सहा महिने थांबा. केसाचा आज पांढरा दिसणारा भाग पांढराच राहील. मात्र तो केस उपटू नका. कातडीलगत पहिले पाच-सहा सेंटिमीटर निरखून पाहा. टोकाशी पांढरा आणि मुळाशी काळा असा एखादा केस दिसला, तर औषध तिथपर्यंत पोहोचले आहे.