रणांगणावर न आलेले: जर्मन एकीकरणाचा जर-तर

श्रोतेहो, नमस्कार.

८ एप्रिल १८६६ या दिवशी बर्लिनमध्ये प्रशिया आणि इटली यांच्यात एक गुप्त करार झाला. प्रशियानं ऑस्ट्रियाविरुद्ध युद्ध पुकारलं की इटलीनं दक्षिणेकडून ऑस्ट्रियावर चालून जायचं, आणि त्याच्या मोबदल्यात इटलीला व्हेनिस शहरासकट व्हेनेशिया प्रांत मिळायचा, असं त्यात ठरलं. कराराची मुदत होती फक्त तीन महिने. ८ जुलैपर्यंत प्रशियानं युद्ध सुरू केलं नाही, तर इटली मोकळी.

प्रशियाचा पंतप्रधान बिस्मार्क याच्यासारखा सावध माणूस तीन महिन्यांच्या एका कागदावर आपलं सगळं राजकारण पणाला लावतो, तेव्हा त्या कागदाची त्याला किती निकड होती हे लक्षात येतं. जर्मनीचं एकीकरण म्हटलं की आपल्याला शाळेपासून ‘रक्त आणि लोखंड’ आठवतं. प्रशियाची शिस्त, सेनाप्रमुख मोल्टकेच्या योजना, क्रुपच्या तोफा. हे सगळं होतंच. पण १८६४ साली डेन्मार्क, १८६६ साली ऑस्ट्रिया आणि १८७० साली फ्रान्स, या तिघांपैकी एकाच्याही मदतीला युरोपातली कुठलीही महासत्ता प्रशियाविरुद्ध धावून आली नाही. माझं म्हणणं असं आहे, की जर्मनीचं भवितव्य लढणाऱ्यांइतकंच घरी बसून राहिलेल्यांनी ठरवलं. ते घरी का बसले, आणि बसले नसते तर काय झालं असतं, याविषयी आज बोलायचं आहे.

जर-तरचा इतिहास म्हणजे कल्पनेच्या भराऱ्या, असा आक्षेप घेतला जातो. म्हणून मी एक पथ्य पाळणार आहे. त्या काळच्या मंत्र्यांपुढे आणि राजांपुढे जे पर्याय प्रत्यक्ष आले होते, ज्यांवर दरबारात वाद झाले होते, तेवढ्यांचाच विचार करू.

सुरुवात हंगेरीपासून करावी लागते. १८४८ साली हंगेरीनं ऑस्ट्रियाच्या सम्राटाविरुद्ध उठाव केला आणि १८४९ पर्यंत तो व्हिएन्नाला आवरेना. तेव्हा नुकताच गादीवर आलेला, अठरा वर्षांचा सम्राट फ्रान्झ जोसेफ रशियाच्या झारकडे मदत मागायला गेला. पहिल्या निकोलसनं मोठी फौज पाठवली आणि ऑगस्टमध्ये हंगेरीनं शस्त्रं खाली ठेवली. पुढच्याच वर्षी प्रशियानं जर्मन संस्थानांचा स्वतःच्या नेतृत्वाखाली संघ उभारायचा प्रयत्न केला, तेव्हाही झारनं ऑस्ट्रियाची बाजू घेतली आणि ओल्म्युट्झ इथं प्रशियाला मान तुकवावी लागली. म्हणजे १८५० साली प्रशियाला रोखायला युद्ध करावं लागलं नाही. व्हिएन्ना आणि सेंट पीटर्सबर्ग एकत्र उभे राहिले, एवढं पुरलं.

मग क्रिमियाचं युद्ध आलं. इंग्लंड आणि फ्रान्स तुर्कस्तानच्या बाजूनं रशियाविरुद्ध उतरले. झारची अपेक्षा होती की ऑस्ट्रिया निदान तटस्थ तरी राहील. पण ऑस्ट्रियाचा परराष्ट्रमंत्री बुओल याचा कल पश्चिमेकडे होता. ऑस्ट्रियानं १८५४ साली सरहद्दीवर फौजा आणून रशियाला डॅन्यूबकाठच्या संस्थानांतून मागे हटायला लावलं, डिसेंबरमध्ये इंग्लंड-फ्रान्सशी करार केला, आणि पुढच्या वर्षाच्या अखेरीस रशियाला निर्वाणीचा खलिता पाठवला. रशियाच्या लेखी ही उपकाराची फेड अपकारानं झाली होती. आणि एवढं करून ऑस्ट्रिया प्रत्यक्ष युद्धात उतरला नाहीच, त्यामुळे इंग्लंड-फ्रान्सच्या मनातही त्याच्याविषयी कृतज्ञता उरली नाही. प्रशिया मात्र शांत बसून राहिला आणि झारशी गोड राहिला.

याच युद्धाच्या वेळी आपल्या इतिहासातला एक माणूस तिथं जाऊन आला होता. दुसऱ्या बाजीरावाची तनखा नानासाहेब पेशव्यांना मिळावी म्हणून लंडनला गेलेले अजीमुल्ला खान परतताना क्रिमियात थांबले आणि सेव्हास्तोपोलपुढे अडकून पडलेलं इंग्रज सैन्य त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. ‘टाइम्स’चा बातमीदार रसेल त्यांना तिथं भेटला होता. इंग्रज अजिंक्य नाही, हे त्यांच्या मनावर तिथं ठसलं असणार. दोनच वर्षांनी कानपूर पेटलं.

ऑस्ट्रियापुढे १८५४ साली दुसरा मार्ग होता का? होता. दरबारातल्या जुन्या सेनानींना रशियाशी वैर नको होतं. डॅन्यूबचा व्यापारी मार्ग रशियाच्या हाती जाईल ही बुओलची भीती खोटी नव्हती. पण प्रशियासारखी तटस्थता धरून ती भीती वाटाघाटींनी हाताळता आली असती. रशिया-ऑस्ट्रिया मैत्री टिकली असती, तर पुढे १८६६ साली बिस्मार्कला पूर्वेकडची सीमा मोकळी सोडून आपलं जवळजवळ सगळं सैन्य बोहेमियात उतरवता आलं नसतं. १८६३ साली पोलंडमध्ये रशियाविरुद्ध बंड झालं तेव्हा बिस्मार्कनं लगोलग झारला सहकार्य देऊ केलं आणि ती मैत्री आणखी घट्ट केली.

डेन्मार्कचं प्रकरण त्यानंतर वर्षभरानं. श्लेस्विग आणि होल्स्टाइन या प्रांतांच्या वादावरून प्रशिया आणि ऑस्ट्रिया मिळून डेन्मार्कवर चालून गेले. १८५२ च्या लंडन करारावर सह्या करणाऱ्या सगळ्या सत्तांनी डेन्मार्कच्या अखंडतेची ग्वाही दिली होती. ब्रिटिश पंतप्रधान पामर्स्टननं तर पार्लमेंटात सांगितलं होतं की डेन्मार्कवर कुणी हात टाकला, तर गाठ एकट्या डेन्मार्कशी पडणार नाही. प्रत्यक्षात इंग्लंडकडे आरमार होतं, युरोपच्या भूमीवर लढायला फौज नव्हती. ती फ्रान्सकडे होती. पण फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन यानं सुचवलेली युरोपीय परिषद इंग्लंडनं नुकतीच धुडकावून लावली होती, त्यामुळे तो नाराज होता. डेन्मार्क एकटा पडला.

आता १८६६. माझ्या मते खरी संधी इथं होती.

इटलीला व्हेनेशिया हवा होता, हे साऱ्या युरोपला ठाऊक होतं. १८६५ साली इटलीच्या पंतप्रधानानं, ला मार्मोरानं, गुपचूप दूत पाठवून तो प्रांत पैसे देऊन विकत घ्यायची तयारी दाखवली होती. ऑस्ट्रियाचा खजिना रिकामा होता. पण फ्रान्झ जोसेफला वाटलं, सम्राट आपली भूमी विकत नसतो. रणांगणावर गमावली तर गोष्ट वेगळी. त्यानं नकार दिला. दरम्यान बर्लिनमध्ये फेब्रुवारी १८६६ च्या राजदरबारी बैठकीत मोल्टकेनं स्पष्ट सांगितलं, की इटली ऑस्ट्रियाचं सैन्य दक्षिणेत गुंतवून ठेवणार असेल तरच हे युद्ध करावं. म्हणजे प्रशियाच्या विजयाची किल्ली त्या क्षणी फ्रान्झ जोसेफच्या खिशात होती. व्हेनेशिया देऊन टाकला असता, तर इटलीला प्रशियाशी करार करायचं कारणच उरलं नसतं.

ऑस्ट्रियाला शहाणपण सुचलं ते मे महिन्यात. फ्रान्समार्फत त्यानं इटलीला निरोप पाठवला: तटस्थ राहा, व्हेनेशिया घ्या. पण वरातीमागून घोडं! ला मार्मोरानं उत्तर दिलं, आम्ही शब्द दिला आहे. त्याची मुदत संपायला तेव्हा दोन महिने होते. आणि पुढचं तर मला आजही अचंबित करतं. १२ जूनला ऑस्ट्रियानं फ्रान्सशी गुप्त करार केला: तुम्ही तटस्थ राहा, आम्ही युद्ध जिंकलो तरी व्हेनेशिया तुमच्या हवाली करू. म्हणजे जो प्रांत जिंकूनही द्यायचा होता, त्याच प्रांताच्या रक्षणासाठी ऑस्ट्रियाच्या तीन कोअर, म्हणजे सैन्याच्या तीन मोठ्या तुकड्या, राजघराण्यातल्या आर्चड्यूक आल्ब्रेख्तच्या हाताखाली दक्षिणेत अडकून पडल्या. २४ जूनला त्यांनी कुस्तोझाला इटलीचा पराभव केला. सुमारे ७५ हजार माणसांनी मिळवलेला तो विजय ऑस्ट्रियाच्या काही कामाचा नव्हता.

नऊ दिवसांनी, ३ जुलैला, बोहेमियात क्युनिगग्रेट्झची लढाई झाली. जवळच्या साडोवा गावावरून तिला साडोवाची लढाईही म्हणतात. दोन्ही बाजूंना दोन-दोन लाखांवर माणसं. दुपारपर्यंत ऑस्ट्रियाच्या तोफांनी प्रशियाला चांगलंच रोखून धरलं होतं. प्रशियाचं सगळं सैन्य अजून मैदानात पोचलंच नव्हतं. मोल्टकेनं आपल्या फौजा वेगवेगळ्या वाटांनी आणायचा धोका पत्करला होता. मग प्रशियाच्या युवराजाची फौज उत्तरेकडून ऑस्ट्रियाच्या बगलेवर येऊन आदळली, आणि संध्याकाळपर्यंत ऑस्ट्रियाची ४० हजारांवर माणसं मेली, जखमी झाली किंवा पकडली गेली. प्रशियाचं नुकसान सुमारे ९ हजार.

इथं दक्षिणेतल्या त्या तीन कोअर असत्या तर? जपून बोललं पाहिजे. प्रशियाच्या सैनिकाकडे मागून भरायची बंदूक होती, आडवं पडून भरता येणारी. ऑस्ट्रियाचा सैनिक उभा राहून तोंडाकडून बंदूक भरायचा आणि संगीन रोखून धावायचा. सेनापती बेनेडेकची सारी उमेद उत्तर इटलीत गेलेली, बोहेमिया त्याला अनोळखी. ७५ हजार जादा माणसांनी यातलं काहीच बदललं नसतं. पण बगल सांभाळायला राखीव फौज असती, आणि लढाई एका दिवसात निकाली लागली नसती. युद्ध लांबलं असतं तर ऱ्हाइनवर तिसरा नेपोलियन काय करतो, हा प्रश्न बिस्मार्कला रोज छळत राहिला असता. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, इटली सोबत नसती तर हे युद्ध झालंच नसतं, असं मला वाटतं. राजा विल्हेल्मला दुसऱ्या जर्मन राजघराण्याशी लढायचं जिवावर आलं होतं. मोल्टके नको म्हणत असताना बिस्मार्क त्याला एकट्याच्या बळावर तयार करू शकला नसता. मग जर्मन संघ तसाच राहिला असता, ढिला, कटकटीचा, व्हिएन्ना आणि बर्लिन या दोन केंद्रांचा. त्यातून कदाचित पुढे एक जर्मनी झालीही असती. पण बव्हेरिया, सॅक्सनी, हानोव्हर यांचा आवाज तिच्यात मोठा राहिला असता.

५ जुलैला पॅरिसजवळच्या सां-क्लूच्या राजवाड्यात फ्रान्सचा परराष्ट्रमंत्री द्रुअँ द लुईस सम्राटाला विनवत होता, की फौज ऱ्हाइनवर पाठवा. प्रशियाचा पश्चिम भाग तेव्हा जवळजवळ उघडा होता. नेपोलियन आधी तयार झाला आणि रातोरात माघारला. तो आजारी होता, चांगलं सैन्य मेक्सिकोत गुंतलं होतं. पुढच्याच महिन्यात त्यानं तटस्थतेची किंमत म्हणून बव्हेरिया आणि हेसे यांचा ऱ्हाइनकाठचा मुलूख मागितला. बिस्मार्कनं ही मागणी दक्षिण जर्मन संस्थानांना दाखवली. कालपर्यंत ऑस्ट्रियाच्या बाजूनं लढलेल्या बव्हेरियानं घाबरून प्रशियाशी गुप्त संरक्षण करार केला.

१८७० साली फ्रान्स एकटा का पडला, त्याचं बरंचसं उत्तर यात आलं. तरीही फ्रान्स, ऑस्ट्रिया आणि इटली यांच्यात तिहेरी युतीची बोलणी १८६८-६९ मध्ये खरोखर चालली होती. घोडं अडलं रोमपाशी. पोपच्या रक्षणासाठी फ्रान्सची पलटण रोममध्ये होती. इटलीला राजधानी म्हणून रोम हवं होतं. आणि देशातल्या कॅथलिकांना दुखवायची नेपोलियनची छाती होत नव्हती. इटलीचा राजा व्हिक्टर इमॅन्युएल १८५९ साली फ्रान्सनं ऑस्ट्रियाविरुद्ध केलेल्या मदतीचं ऋण फेडायला उत्सुक होता, पण त्याचे मंत्री रोमशिवाय ऐकेनात. जे फ्रेंच सैन्य ऑगस्ट १८७० मध्ये शेवटी परत बोलवावंच लागलं, ते दोन वर्षं आधी निघालं असतं, तर आल्प्सपलीकडून मदत मिळायची शक्यता खरी होती.

ऑस्ट्रियाची गोष्ट वेगळी. आल्ब्रेख्त १८७० च्या सुरुवातीला पॅरिसला जाऊन एकत्र मोहिमेची योजना मांडून आला होता. मात्र त्याची अट अशी, की ऑस्ट्रियाला सैन्य उभं करायला सहा आठवडे लागतील, तोवर फ्रान्सनं एकट्यानं तोंड द्यायचं. जुलैत युद्ध पेटलं तेव्हा व्हिएन्नानं ठरवलं, आधी पाहू काय होतं ते. ६ ऑगस्टला वर्थ आणि स्पिचेरेन इथं फ्रेंच हरले, आणि पाहण्यासारखं काही उरलं नाही. शिवाय झारनं आधीच प्रशियाला आश्वासन दिलं होतं, की ऑस्ट्रिया हलला तर आम्ही त्याच्या सरहद्दीवर फौज आणू. इंग्लंडचं मन बिस्मार्कनं आधीच कलुषित करून ठेवलं: बेल्जियम गिळण्याचा फ्रान्सचा जुना मसुदा, फ्रेंच राजदूत बेनेदेत्तीच्या स्वतःच्या हस्ताक्षरातला, त्यानं २५ जुलैला लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये छापून आणला.

व्हिएन्नातल्या त्या जुलैच्या बैठकीत युद्धाला सर्वांत ठाम विरोध केला तो हंगेरीचा पंतप्रधान ग्युला आन्द्राशी यानं. १८६७ च्या तडजोडीनंतर साम्राज्यात हंगेरीचं स्वतःचं सरकार होतं. १८४९ च्या उठावात तो होता; देशाबाहेर निसटला म्हणून फ्रान्झ जोसेफच्या सरकारनं त्याच्या नावाला फाशी दिली होती. हंगेरीला चिरडायला आलेली रशियन फौज तो विसरला नव्हता. जर्मनीत पुन्हा वर्चस्व मिळवण्यात हंगेरीचं काही हित नाही, आपला खरा शत्रू पूर्वेला आहे, हे त्याचं ठाम मत. १८७१ च्या अखेरीस तोच साऱ्या साम्राज्याचा परराष्ट्रमंत्री झाला, आणि ७ ऑक्टोबर १८७९ ला व्हिएन्नामध्ये त्यानं बिस्मार्कच्या जर्मनीशी, रशियाविरुद्ध, संरक्षणाचा करार केला. त्याला मान्यता देणारा सम्राट फ्रान्झ जोसेफच होता.