इको रिपोर्टवरचे 30 टक्के

श्रोतेहो, नमस्कार. टू-डी इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट येतो, त्यावर 'ई.एफ. 30 टक्के' लिहिलेलं असतं, आणि गावाकडं फोन जातो, "दादांचं हार्ट 30 टक्केच चालू आहे, 70 टक्के गेलं." लातूर असो, हिंगोली असो की एखादा तांडा, हे वाक्य मी सगळीकडं ऐकतो. पेशंट आजारापेक्षा त्या वाक्यानंच जास्त खचतो.

हा हिशेब चुकीचा आहे. हृदयाचा डावा कप्पा रक्तानं भरतो, त्यातलं किती रक्त एका ठोक्यात बाहेर पडतं, तेवढंच ई.एफ. म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन हा आकडा सांगतो. धडधाकट माणसाचा कप्पाही कधी पूर्ण रिकामा होत नाही. त्याचा आकडा साधारण 55 ते 70 असतो. म्हणून 30 ची तुलना 100 शी करू नका, साठाशी करा. 40 किंवा त्याखाली आकडा आला तर पंपिंग कमी झालंय. आजार गंभीर आहे, हे मी लपवणार नाही. पण तो आकडा कायमचा नसतो.

पुढं काय, हे बरंचसं कारणावर ठरतं. दारूनं किंवा बाळंतपणाच्या आगेमागे कमजोर झालेलं हृदय उपचारांनी बरेचदा सावरतं. अटॅकमध्ये मेलेला स्नायू परत येत नाही, तरी उरलेल्याला औषधांचा आधार मिळतो. आज चार गटांची औषधं एकत्र देतात. साधारण तीन महिन्यांनी इको पुन्हा करतात. तेव्हाही आकडा 35 च्या वर गेला नसेल, तर काहींना छातीत आयसीडी नावाचं, ठोके धोकादायकरीत्या बिघडले तर शॉक देऊन सावरणारं यंत्र बसवावं लागतं.

घात होतो तो बरं वाटल्यावर. दम लागायचा थांबला की गोळ्या बंद! इंग्लंडमधल्या एका अभ्यासात, हृदय सावरलेल्या लोकांची औषधं डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवली, तर सहा महिन्यांत सुमारे 40 टक्के लोकांचा आजार परत आला.

दुसरी गोष्ट, कापूस वेचून कंबर धरली की मेडिकलवरून आणलेली दुखण्याची गोळी. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन अंगात मीठ-पाणी साठवतात आणि हृदयावर भार टाकतात. त्या घेऊ नका, डॉक्टरांना विचारून दुसरं औषध घ्या.

रोज सकाळी वजन करा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, पाय सुजले, आडवं झाल्यावर दम लागला, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात अंगातलं जादा पाणी काढणाऱ्या लघवीच्या गोळीनं चक्कर येऊ लागली, तर ती मनानं बंद न करता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. डोस कमी करता येतो.