कुलपं नेमकी कुणासाठी? : ‘ला रेसिदेन्सिया’विषयी

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय तो ‘ला रेसिदेन्सिया’तला खुनी कसा ओळखावा. नार्सिसो इबान्येझ सेराडोरचा १९६९चा स्पॅनिश चित्रपट, फ्रान्समधल्या मुलींच्या एका वसतिगृहशाळेत घडणारा. रहस्य फोडल्याशिवाय बोलता येणार नाही, तेव्हा ज्यांनी तो पाहिला नाही त्यांनी खुशाल चहा घेऊन यावं.

विषयाआधी एक तक्रार मांडतो. या चित्रपटाला हिचकॉकच्या ‘सायको’ची नक्कल म्हणून निकालात काढतात. कशावरून? तर नायिका शेवटाच्या कितीतरी आधी मरते आणि खुनाच्या मुळाशी आई-मुलाचं नातं आहे! अहो, खून चित्रित कसा केलाय ते तर बघा. हिचकॉकच्या न्हाणीघरात भराभर तुटणारे शॉट आणि किंचाळणारी व्हायोलिनं. इथं काचघरात इझाबेल ही विद्यार्थिनी मरते तेव्हा सगळं मंदावतं, एका प्रतिमेत दुसरी मिसळते, आणि वाल्दो दे लोस रिओसचं संगीत हळुवारच राहतं.

हे करणं सोपं नव्हतं. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी धावतात. कॅमेरा ४८ने फिरवला की हालचाल दुप्पट लांबते, पण प्रत्येक चौकटीला उजेड निम्माच मिळतो. मग दिवे वाढवा, नाहीतर लेन्स एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड येईल इतकी, उघडा. लेन्स उघडली की फोकसची खोली घटते आणि नटी वीतभर सरकली तरी धूसर होते. प्रतिमेवर प्रतिमा लॅबमध्ये ऑप्टिकल प्रिंटरवर, म्हणजे फिल्मचं पुन्हा चित्रण करणाऱ्या यंत्रावर, चढवायची, तर फिल्मची आणखी एक पिढी वाढते, म्हणजे प्रतीची प्रत निघते. दाणा जाड होतो, कॉन्ट्रास्ट चढतो. दोन्ही प्रतिमा उजळ असतील तर चेहरा पांढुरक्यात विरून जातो. एकीत काळोखी जागा राखावी लागते, तिथंच दुसरी उमटते. हा विचार शूटिंगच्या वेळीच करावा लागतो.

आणि कथा फ्रान्समध्ये का घडते? स्पेनचा हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत सेन्सॉरला असली विकृती स्पेनच्या मातीत चालत नसे. स्पॅनिश भयपटांतला नट पॉल नॅशी, त्याचा लांडगा-माणूससुद्धा त्यापायी पोलिश झाला, वाल्देमार दानिन्स्की! पण वसतिगृहातली शिक्षा, प्रार्थना, झडती हे सगळं स्पेनच्या प्रेक्षकाला ओळखीचं होतं, असं माझं ठाम मत आहे.

वेळ संपल्याची चिठ्ठी आली. तर खुनी, घाईघाईनं. मुली गायब होतात तेव्हा मुख्याध्यापिका फूर्नो (लिली पामर) त्या पळाल्या असं धरून चालते. म्हणून ती पहारा कडक करते, म्हणजेच मुलींना खुन्याबरोबर कोंडते. दुसरी खूण: ती मुलगा लुईसला बजावते की या मुली तुझ्या लायकीच्या नाहीत, तुला माझ्यासारखीच हवी. तो हे शब्दशः घेतो आणि एकेकीचे अवयव जोडून तशी बाई बनवू लागतो. तिसरी खूण नायिकेची. ती, म्हणजे तेरेसा, मेल्यावर तिचा छळ करणारी विद्यार्थिनी इरीनच शोध घेऊ लागते, म्हणून संशयितांच्या यादीतून इरीन गळते. पुढं तीही मरते, हात तोडलेले सापडतात, आणि माळ्यावर उलगडा होतो.

चित्रपट बघायचा तर पूर्ण प्रत शोधा. अमेरिकेत ‘द हाउस दॅट स्क्रीम्ड’ नावानं लागलेली प्रत सुमारे दहा मिनिटांनी कापलेली आहे.