एसिल्ट ही मेर्विनची आई की बायको?

उत्तर वेल्समधल्या ग्विनेध राज्याचा राजा हवेल इ.स. ८२५ मध्ये वारला आणि गादीवर मेर्विन व्रिख बसला. हवेल आणि त्याच घराण्यातला प्रतिस्पर्धी कनन यांची आपसातली भाऊबंदकी लढाईपर्यंत गेली होती. कनन ८१६ मध्येच गेला होता. मेर्विनचा बाप ग्व्रियाद. तो काही या घराण्यातला नव्हता. मग मेर्विनचा हक्क कुठून आला?

सगळ्यांत जुनी साक्ष हार्ली ३८५९ या हस्तलिखिताची. प्रत साधारण ११०० सालची, पण आतल्या वंशावळी दहाव्या शतकात, मेर्विनचा नंतरचा वंशज राजा हवेल दा, त्याचा मुलगा ओवाइन याच्या काळात जुळवलेल्या. पहिली वंशावळ ओवाइनचीच. ओवाइन, हवेल दा, कादेल, रोद्री, मेर्विन असं लेखनिक मुलाकडून बापाकडे वर चढत जातो आणि मेर्विनपाशी अडखळतो. इथे बापाचं नावच गाळलंय. मेर्विन एसिल्टचा मुलगा, एसिल्ट कननची मुलगी, आणि तिथून पुन्हा राजांची रांग. ज्या बाजूने गादी येते तेवढीच लिहायची, हा त्या लेखनिकाचा हिशेब.

नंतरच्या काही वंशावळींत मात्र एसिल्ट मेर्विनची बायको होते आणि आईच्या जागी पॉविस या शेजारच्या वेल्श राज्याची नेस्ट येते. दुसरीकडे हीच नेस्ट रोद्रीची आई! रोद्रीच्या वंशजांना पॉविसवर हक्क सांगायला ती दोन्ही जागी सोयीचीच, त्यामुळे तिच्याकडे जरा संशयानेच पाहावं.

आता वर्षं मोजू. मेर्विनचा मुलगा रोद्री ८७८ मध्ये मारला गेला. कननच्या मृत्यूपासून ६२ वर्षं. एसिल्ट आई असेल तर मध्ये तीन पिढ्या, म्हणजे पिढीला जेमतेम २१ वर्षं. बायको असेल तर दोन, म्हणजे ३१. एवढ्यावरून अनेकजण 'बायको' म्हणून मोकळे होतात. पण कननचा बाप (त्याचंही नाव रोद्रीच) ७५४ मध्ये वारल्याची नोंद आहे. म्हणजे मरताना कनन निदान साठीचा होता, आणि साठीतल्या माणसाला विशीतला नातू असणं अगदी शक्य आहे. मृत्यूच्या वर्षांवरून पिढ्या मोजताना हीच चूक होते: कोण म्हातारा होऊन गेला आणि कोण लढाईत पडला, हे सरासरीत दिसत नाही. मला जुनी साक्ष, म्हणजे 'आई', जास्त पटते.

ग्व्रियादच्या मुळाबद्दल एक दगड बोलतो. आइल ऑफ मॅनवर मॉगोल्डला 'ग्व्रियादचा क्रूस' असा लॅटिन मजकूर कोरलेला एक क्रूस आहे. मेर्विनचं घराणं मॅनचं होतं, या तर्काला त्याचा आधार मिळतो; पण दगडावर नुसतं नाव आहे, बाप नाही की मुलगा नाही.

वंशावळीचा वरचा टोकाचा भाग तर आणखी लवचिक. मेर्विनच्या राजवटीच्या चौथ्या वर्षी, म्हणजे ८२९-८३० च्या सुमारास, लिहिलेल्या ब्रिटनांच्या इतिहासात पाचव्या शतकातला ब्रिटन राजा व्होर्टिजर्न हा खलनायक आहे आणि पॉविसचे राजे संत जर्मानुसने आशीर्वाद दिलेल्या एका सेवकाचे वंशज. त्याच शतकात लँगोलनजवळ पॉविसचा राजा कॉन्केन याने आपला पणजोबा एलिसेग याच्या नावाने स्तंभ उभारला. त्यावर व्होर्टिजर्न पूर्वज म्हणून मिरवतो, त्याची बायको रोमन सम्राट मॅक्सिमसची मुलगी, आणि जर्मानुसचा आशीर्वाद मिळतो तो त्यांच्या मुलाला. स्तंभावरची अक्षरं आज वाचता येत नाहीत. आपण वाचतो ती वेल्श अभ्यासक एडवर्ड लुईडने १६९६ मध्ये केलेली नक्कल.