‘क्लेम’ या शब्दाचे अर्थ

श्रोतेहो, नमस्कार.

आंब्याचा हंगाम संपला की रत्नागिरी-देवगडकडचे बागायतदार भेटल्यावर एकमेकांना हमखास विचारतात, ‘क्लेम आला का?’ या प्रश्नातला क्लेम म्हणजे फळपीक विम्यापोटी खात्यात जमा होणारे पैसे. इंग्रजीतही विम्याच्या संदर्भात हा अर्थ आहेच, पण मूळ अर्थ आपला हक्क बोलून दाखवणे हा आहे. कारण ज्या लॅटिन क्रियापदापासून तो शब्द निघाला, त्याचा अर्थच मोठ्याने ओरडणे असा होता.

आपण त्याला ‘दावा’ म्हणतो. हा शब्द मूळचा अरबी, आणि नवल असे की त्याच्याही मुळाशी हाक मारणेच आहे. मराठीत मात्र त्याला वैराची छटा चिकटली. दावा साधणे म्हणजे सूड उगवणे, आणि दावेदार म्हणजे हक्क सांगणारा, तसाच वैरीही. सामाईक सातबाऱ्यावरून भावाने भावावर दावा लावला असे ऐकले, की त्यात कज्जा किती आणि वैर किती, हे आपल्याला सांगता येत नाही. वर्तमानपत्रांनी आणखी एक अर्थ रूढ केला आहे: ‘असा दावा त्यांनी केला’, म्हणजे ते म्हणाले खरे, पण सिद्ध झालेले नाही.

मला खटकते ते इथेच. रायगडमधल्या वाडीवरचे कातकरी कुटुंब २००६ च्या वनहक्क कायद्याखाली ग्रामसभेकडे अर्ज करते, त्यालाही आपण दावाच म्हणतो. ते कुटुंब कोणाशी भांडत नसते. कसत आलेल्या जमिनीवरचा हक्क मान्य करून घेत असते, आणि कायद्याच्या नावातही ‘मान्यता’ हाच शब्द आहे. त्यांच्या अर्जाला ‘हक्काची मागणी’ म्हटले, तर वैर आणि संशय या दोन्ही छटा गळून पडतील. हक्क या अरबी शब्दाचा एक अर्थ तर सत्य असाच आहे.

आंब्याच्या विम्यात अवेळी पाऊस, तापमान आणि वारा यांची भरपाई महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदींवरून ठरते, तिथे बागायतदाराला काही बोलावे लागत नाही. गारपिटीचे वाढीव संरक्षण घेतले असेल, तर मात्र नुकसान झाल्यापासून ७२ तासांच्या आत त्याने स्वतः कळवावे लागते.