दुपारचा उजेड आणि दिलेला शब्द

(दृश्य : आर्थर रोड कारागृहाची बाहेरची भिंत, रस्त्यावरची वर्दळ)

सात रस्त्याजवळची ही भिंत मुंबईकरांच्या ओळखीची. 2018 च्या जुलैअखेरीस या भिंतीआडच्या एका बॅरकची चौकशी थेट लंडनहून झाली. बॅरक नंबर 12 चं चित्रीकरण पाठवा. एकेक पाऊल टाकत आत जा, आणि भर दुपारी जा, म्हणजे खिडकीतून किती उजेड येतो ते कळेल.

ही मागणी होती वेस्टमिन्स्टर मॅजिस्ट्रेट कोर्टाच्या न्यायाधीश एमा आर्बथनॉट यांची, विजय मल्ल्याच्या प्रत्यार्पणाच्या, म्हणजे त्याला भारताच्या ताब्यात देण्याच्या, सुनावणीत. आपल्याकडे लोक चिडले. बँकांचे हजारो कोटी थकवून गेलेल्या माणसाच्या कोठडीतला उजेड कसला मोजता? हा राग मला समजतो. पण सरहद्दीपलीकडे आपल्या पोलिसांची शिट्टी वाजत नाही. तिथे चालतो तो कागद, आणि तो वाचणाऱ्याचा आपल्यावरचा विश्वास. ज्याने मुंबई कधी पाहिली नाही, त्याला सगळा गुन्हा पहिल्यापासून, पुराव्यानिशी सांगावा लागतो. तो त्यांच्या कायद्यातही गुन्हाच ठरतो, हे दाखवावं लागतं. आणि माणूस आपल्या तुरुंगात माणसासारखा राहील, हेही.

चित्रीकरण गेलं. 10 डिसेंबर 2018 ला कोर्टाने प्रत्यार्पणाच्या बाजूने निकाल दिला.

(दृश्य : लिस्बन शहर, नदीकाठ)

ताब्यात मिळाला की काम संपलं, असं आपण समजतो. तसं नसतं. 12 मार्च 1993 च्या मुंबई बॉम्बस्फोटांत 257 माणसं गेली. त्यातला आरोपी अबू सालेम सप्टेंबर 2002 मध्ये लिस्बनला पकडला गेला. पोर्तुगालमध्ये फाशी नाही, जन्मठेपही नाही. जास्तीत जास्त शिक्षा 25 वर्षं. डिसेंबर 2002 मध्ये तेव्हाचे उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांनी भारत सरकारच्या वतीने लेखी हमी दिली : फाशी देणार नाही, 25 वर्षांपेक्षा जास्त डांबणार नाही. तरीही त्याला मुंबईत आणायला नोव्हेंबर 2005 उजाडला.

त्यानंतरही पोर्तुगालचं लक्ष होतंच. इथे त्याच्यावर आणखी आरोप लावले गेले, तेव्हा 2011 मध्ये लिस्बनच्या न्यायालयाने भारताने अटी मोडल्याचं म्हटलं. अखेर 2013 मध्ये सीबीआयने सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने ते जादा आरोप मागे घेतले. दिलेल्या शब्दात एक कलमही वाढवता येत नाही, हे आपण असं शिकलो. आणि ते शिकायलाच हवं होतं. कारण पुढच्या फरारी माणसासाठी आपण ज्या कोर्टाच्या दारात उभे राहू, ते कोर्ट मागचा हा व्यवहार आधी तपासणार.

(दृश्य : 1993 च्या स्फोटांच्या जागा, एअर इंडिया इमारत, सेंच्युरी बाजार, दादर)

7 सप्टेंबर 2017. टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालच्या विशेष न्यायालयाने त्याच खटल्यात एकाच दिवशी दोघांना फाशी सुनावली, सालेमला जन्मठेप. ज्यांच्या घरातलं माणूस स्फोटांच्या त्या शुक्रवारी परतलंच नाही, त्यांना हा फरक कसा समजावायचा? मला तरी शब्द सापडत नाहीत. पण ती हमी नसती, तर सालेम त्या पिंजऱ्यात उभाच राहिला नसता.

जुलै 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, हमी सरकारवर बंधनकारक आहे. 25 वर्षं भरली की सुटकेचे कागद सरकारनेच पुढे न्यायचे. मुदत मोजायची 12 ऑक्टोबर 2005 पासून.

ती भरेल ऑक्टोबर 2030 मध्ये.