मुठीत बसणारे पिस्तूल

पडद्यावर दिसणारा हा उजवा हात एका नवख्या मुलीचा आहे. मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत तो साडेसोळा सेंटिमीटर भरतो. आज ती पहिल्यांदाच नेमबाजीच्या रेंजवर आली आहे, आणि आल्याआल्या तिच्या वडिलांनी विचारलेला प्रश्न मी याच जागी कितीतरी वेळा ऐकला आहे. ‘मुलींना पेलेल असे, हलके आणि छोटे पिस्तूल कोणते?’

या प्रश्नामागची काळजी खरी आहे, पण त्यात धरून चाललेली गोष्ट बरोबर नाही. बाईचे शस्त्र म्हणजे हलके शस्त्र, ही समजूत आपल्याकडे खोलवर रुजलेली आहे. 2014 साली कानपूरच्या आयुध कारखान्याने खास महिलांसाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचे .32 बोअरचे (बोअर म्हणजे नळीच्या आतला व्यास) रिव्हॉल्व्हर बाजारात आणले, तेव्हा त्याचे सुमारे पाचशे ग्रॅम वजन हेच त्याचे वैशिष्ट्य म्हणून सांगितले गेले. वास्तविक गोळी तीच असेल, तर शस्त्र जितके हलके तितका त्याचा धक्का हाताला अधिक जाणवतो, आणि नवशिक्या व्यक्तीला सर्वांत आधी भीती बसते ती या धक्क्याचीच. म्हणूनच शिकण्याची सुरुवात दहा मीटर एअर पिस्तुलाने करावी, असे मी आग्रहाने सांगते. त्यात धक्का जवळजवळ नसतो, आवाज बेताचा असतो, आणि 2016 च्या शस्त्र नियमांनुसार 4.5 मिलिमीटरपर्यंत बोअर व 20 ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही.

आता वजनाचा विचार करू. स्पर्धेच्या नियमांत एअर पिस्तुलाची कमाल मर्यादा 1500 ग्रॅम आहे, पण ऑस्ट्रिया, जर्मनी, इटली आणि स्वित्झर्लंडमध्ये बनणारी बहुतेक चांगली पिस्तुले 900 ते 1000 ग्रॅमच्या आसपास असतात. दुधाची एक लिटरची पिशवी एकाच हाताने, हात ताठ ठेवून खांद्याच्या उंचीवर धरा, म्हणजे कल्पना येईल. स्पर्धेत हा हात 75 मिनिटांत साठ वेळा उचलावा लागतो. पूर्वी महिलांना चाळीसच शॉट असत, 2018 पासून त्यांनाही पुरुषांइतकेच साठ आहेत. हे वजन दोन-तीन महिन्यांच्या नेमाने केलेल्या सरावाने खांद्याला पेलू लागते, आणि पुढे तेच वजन हाताची थरथर दाबून धरते. ज्या मुलीचे मनगट बारीक आहे, तिने एकूण वजनापेक्षा ते वजन कुठे आहे याकडे पाहावे. आखूड नळीच्या पिस्तुलाचा भार मनगटाजवळ राहतो, लांब नळीचा पुढे ओढतो.

मात्र माझ्या दृष्टीने खरी निवड होते ती मुठीपाशी, म्हणजे पिस्तूल हातात धरायच्या लाकडी भागापाशी. मी स्वतः पहिले पिस्तूल घेतले, तेव्हा विक्रेत्याने मध्यम आकाराची मूठ ‘सगळ्यांनाच चालते’ म्हणून दिली, आणि पुढचे सहा महिने माझे शॉट डावीकडे जात राहिले. मी श्वास तपासला, पाय तपासले, डोळेसुद्धा तपासून घेतले. शेवटी एका ज्येष्ठ प्रशिक्षकांनी पिस्तुलावरची माझी पकड तपासून पाहिली. तळहात आणि लाकूड यांच्यामध्ये त्यांची करंगळी आत जाईल एवढी पोकळी होती, आणि ट्रिगरवर माझ्या बोटाचे केवळ टोक पोहोचत होते. ओढताना ते टोक पिस्तुलाला कडेने ढकलत होते.

नेम धरण्यासाठी पिस्तुलावर दोन साइट असतात, मागे खाच आणि पुढे उभी पट्टी. या दोन्हींच्या जुळणीत एक मिलिमीटरचा फरक पडला, तर दहा मीटरवर तो सुमारे तीस मिलिमीटर होतो. दहाचे वर्तुळ अवघे साडेअकरा मिलिमीटर, म्हणजे सदऱ्याच्या गुंडीएवढे. एवढ्याशा फरकाने दहाचा शॉट सातवर जातो. त्यामुळे लहान हाताच्या मुलीने लहान मापाचीच मूठ मागावी, डावखुरी असेल तर डाव्या हाताची मागावी, आणि तळहाताखालची फळी वर सरकवून हात तिच्यावर टेकतो का ते पाहावे. ट्रिगरचे पाते मागे-पुढे सरकवता येते. बोटाच्या पहिल्या पेराची मऊ गादी त्यावर सपाट बसली पाहिजे, आणि बोटाची कड लाकडाला घासता कामा नये. ट्रिगरचे वजन, म्हणजे तो ओढायला लागणारा भार, स्पर्धेत 500 ग्रॅमपेक्षा कमी चालत नाही. या भाराचा मोठा भाग पहिल्या टप्प्यात आणि थोडाच भाग दुसऱ्यात असेल, तर नवख्या बोटाला शॉट कधी सुटणार हे स्पष्ट कळते.

स्प्रिंगवर चालणारी स्वस्त पिस्तुले मी सुचवत नाही. ती भरायला जोर लागतो आणि शॉट सुटताना ती विचित्र उडी घेतात. दाबलेल्या हवेच्या सिलिंडरचे पिस्तूल सुरुवातीला रेंजचेच वापरावे. जुने विकत घ्यायचे झाल्यास सिलिंडरवर कोरलेली मुदत आधी वाचावी.

कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तूलमध्ये सुवर्णपदक मिळवले, तेव्हा अंतिम फेरीत 34-34 अशी बरोबरी होऊन दोन शूट-ऑफ खेळावे लागले होते. नेमबाजीत आशियाई सुवर्ण जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. त्या प्रकारातील .22 चे पिस्तूल 1400 ग्रॅमपर्यंत जड असू शकते, त्याचा ट्रिगर किमान 1000 ग्रॅमचा असतो, आणि वेगाच्या फेरीत तीन सेकंदांत हात वर आणून शॉट मारावा लागतो. मूठ हातात बसलेली नसेल, तर ती सुधारायला तिथे वेळच नसतो. पण त्यासाठी शस्त्र परवाना लागतो, म्हणून तो टप्पा पुढचा.

यंत्राच्या विश्वासार्हतेबद्दलही थोडे सांगायला हवे. टोकियो ऑलिम्पिकमध्ये दहा मीटर एअर पिस्तूल प्रकारात मनू भाकर यांचे पिस्तूल पात्रता फेरीतच बिघडले, दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली आणि 575 गुणांवर त्या अंतिम फेरीबाहेर राहिल्या. 2024 मध्ये पॅरिसला त्यांनी याच प्रकारात कांस्यपदक जिंकले. जवळपास दुरुस्ती करणारा माणूस आणि सुटे भाग मिळतील असेच पिस्तूल घ्यावे, ही माझी अट यातूनच आली आहे.

आता पुन्हा त्या मुलीकडे पाहू. रेंजवरच्या पिस्तुलाच्या अक्रोडाच्या मुठीवर प्रशिक्षकांनी लाकडाची लांबी (पुट्टी) भरली आहे, आणि ती ओली असतानाच मुलीने तळहात दाबून धरला आहे. लांबी वाळल्यावर बोटांच्या मधले उंचवटे काचपेपरने घासले जातात, आणि पुन्हा हात बसवून पाहिला जातो. पिस्तूल रिकामे आहे, हे सर्वांनी पाहिले आहे, आणि नळी लक्ष्याच्या दिशेनेच आहे. ती डोळे मिटते, हात उचलते, दोन श्वास थांबते आणि डोळे उघडते. पुढची साइट मागच्या खाचेत किंचित डावीकडे दिसते. प्रशिक्षक अंगठ्याजवळचे लाकूड आणखी थोडे घासायला घेतात.